पाठमोरा अभंग

रागावलेल्या माणसाने लिहायला बसू नये, असं माझ्या बायकोचं, उल्काचं, मत आहे. बसलाच तर निदान पहिलं वाक्य खोडून टाकावं. त्याप्रमाणे मी पहिलं वाक्य खोडलं आहे. त्यात खंडेरावांचं नाव तीनदा आलं होतं.

दुसरं वाक्य असं. गेल्या वर्षी दिल्लीत, आमच्या द्वारकेतल्या सोसायटीच्या गणपतीत, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दोनशे माणसांसमोर मी इलेक्ट्रिक गिटारवर अभंग वाजवत होतो, आणि एक मिनिट दहा सेकंदांनी खंडेरावांनी माझा आवाज बंद केला. बोटं चालू, मान डोलणं चालू, चेहऱ्यावरचे भाव चालू, आणि आवाज नाही. मला कळायलाच वेळ लागला, कारण मी डोळे मिटून वाजवत होतो. डोळे उघडले तेव्हा शेजारी पेटी मांडून झाली होती आणि लोक मोकळा श्वास घेतल्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

खंडेराव म्हणजे निवृत्त सुभेदार मेजर. सगळी नोकरी फौजेच्या सिग्नलमध्ये काढली, कॅन्टोन्मेंट सुटल्यावर आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि त्या दिवसापासून मंडळाचे माईक, भोंगे आणि आवाज कमीजास्त करायचं ते बटणांचं टेबल त्यांच्या ताब्यात आहे. मी स्टेजवरून उतरून थेट त्यांच्याकडे गेलो.

"रणपिसे साहेब, लाइनीत नॉईज होता," ते शांतपणे म्हणाले. "सारखं घूंऽऽ. कट केली."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"नॉईज विचारून येत नाही, साहेब."

घूं येत होतं, हे मी नाकारत नाही. माझी गिटार घूं करते. पण म्हणून माणसाने माणसाला गळक्या नळासारखं बंद करावं? मी वर्षभर जळत होतो. ऑफिसात जळत होतो, मेट्रोत जळत होतो, आंघोळीला बसलो की तर फारच. खंडेरावांना द्यायची अकरा उत्तरं मी तयार केली होती आणि रोज त्यांची उजळणी करत होतो. उल्का म्हणायची, "सोड ना आता." मी सोडणार नव्हतो. यंदा तिसऱ्या दिवशी, त्याच मांडवात, तोच अभंग, पूर्ण चार मिनिटं, घूं येऊ न देता वाजवायचा, असं मी ठरवलं. तो पुरा झाला असता तरच मला त्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये मान वर करून उभं राहता आलं असतं.

इथे तिसऱ्या मजल्यावरचा केतन आला. केतन बँकेत आहे, पण बँक सोडून बाकी सगळ्या विषयांत सल्ला देतो. त्याने गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि निदान केलं.

"अंकल, आपके पिकअप बेकार हैं. विंटेज वाले डलवाओ, पुराने टाइप के. खूँटियाँ, ब्रिज, सब पुराने टाइप का. आजकल की चीज़ों में वो बात नहीं, यार."

पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं लोहचुंबक. त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. वर गिटारची तार हलली की खाली ते चुंबक ओळखतं आणि आवाज पुढे पाठवतं. चांगलं असेल तर सूर पाठवतं, वाईट असेल तर घरातल्या ट्यूबलाईटची चुगलीही पाठवतं.

माझं चुकलं ते इथेच, आणि ही चूक आपल्या लोकांखेरीज कुणी करणार नाही. आपल्याला जुनं म्हटलं की शंकाच येत नाही. जुना तांदूळ, मुरलेलं लोणचं, सासूबाईंच्या सासूबाईंचं पितळी पातेलं. आमच्या घरात प्रेशर कुकरला आपण विश्वासू आहोत हे सिद्ध करायला अकरा वर्षं लागली. तेव्हा जुन्या पद्धतीचं पिकअप म्हणजे निर्मळच असणार, जुनी माणसं काही घूं ऐकत बसली नसतील, हे मी गृहीत धरलं. केतनने मोबाईलवर व्हिडिओही दाखवले. त्यात गोरे म्हातारे डोळे मिटून वाजवत होते. कुणीही त्यांचा आवाज बंद करत नव्हतं.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदी विभागात सेक्शन ऑफिसर आहे. बावीस वर्षांत मी स्पेसिफिकेशन लिहिल्याशिवाय एक पंचिंग मशीनसुद्धा मागवलेलं नाही. गिटारीला मी वाऱ्यावर कसा सोडेन? दोन रविवार बसून दोन पानी स्पेसिफिकेशन तयार केलं. त्याचा चौथा परिच्छेद मला आजही पाठ आहे. मजकूर इंग्रजीत होता, मथितार्थ असा: बसवण्यात येणारे पिकअप व इतर सर्व भाग जुन्या मूळ नमुन्याच्या सर्व गुणधर्मांसह असावेत, त्यात कोणताही अपवाद, सुधारणा किंवा बदल चालणार नाही. उल्काने वाचून विचारलं, "सगळे गुणधर्म माहीत आहेत तुला?" मी तिला सांगितलं की खरेदी विभागात असले प्रश्न विचारत नाहीत.

कारागीर मिळाला गाज़ियाबादला. पण गिटार गाज़ियाबादला न्यायची तर आधी सोसायटीच्या गेटबाहेर काढायला हवी, आणि आमच्या सोसायटीत मागे कुणाचा तरी कूलर चोरीला गेल्यापासून तीन फुटांहून लांब वस्तू पासाशिवाय बाहेर जात नाही. पास सेक्रेटरी देतात. सेक्रेटरी विजयालक्ष्मी मॅडम, ऑडिटमधून निवृत्त.

"ये लकड़ी का है?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, यह गिटार है."

"मैं मटीरियल पूछ रही हूँ, रणपिसे जी."

लाकडाचीच होती. फॉर्ममध्ये 'इतर' असा रकानाच नव्हता. लाकूड म्हणजे फर्निचर. फर्निचर बाहेर चाललं म्हणजे शिफ्टिंग. मी म्हटलं, मॅडम, मी कुठेही शिफ्ट होत नाही आहे, मी फक्त गिटार दुरुस्तीला नेतो आहे. त्या म्हणाल्या, बिल्कुल, हे सिर्फ फॉर्म के लिए आहे, आपण सही करा. बावीस वर्षं लोकांना "फक्त फॉर्मसाठी आहे, सही करा" असं सांगून मी सह्या घेतल्या आहेत. तेच वाक्य आता मला कुणीतरी सांगितलं, आणि मी सही केली.

मेट्रोत तपासणीच्या यंत्रातून गिटार गेली आणि जवानाने मला बाजूला घेतलं. लोखंड दिसत होतं, तारा दिसत होत्या. "बजाके दिखाओ," तो म्हणाला. मी वाजवली. इलेक्ट्रिक गिटार नुसत्या हाताने वाजवली तर डासाने दाराशी येऊन चौकशी करावी तेवढाच आवाज येतो. जवानाने कान जवळ आणला. "इतनी बड़ी चीज़, और आवाज़ बस इतनी?" मागे चाळीस माणसांची रांग होती. त्यातला एकजण हसला. त्याचा चेहरा मी लक्षात ठेवला आहे.

द्वारकेहून वैशालीपर्यंत ब्लू लाइनने गेलो, पुढे रिक्षाने एका गल्लीत. रिंकू हे नाव ऐकून मी कुणी कोवळा पोरगा समजलो होतो. समोर पन्नाशीचे गृहस्थ निघाले, वेणी घातलेले. त्यांच्या वडिलांचं पंख्यांच्या मोटारी गुंडाळायचं दुकान. खाली भाऊ अजून पंखेच गुंडाळतो, वर रिंकूजी त्याच यंत्रावर पिकअप गुंडाळतात. माणूस कारागीर होता, यात वाद नाही. तार बोटातून सोडताना त्यांचा श्वास थांबायचा. पण त्यांनी मला एक वाक्य ऐकवलं, ते मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

"सर जी, नए डिज़ाइन का भी है अपने पास. डबल कॉइल. एकदम शांत रहता है."

"आपने चौथा पैराग्राफ पढ़ा?" मी विचारलं.

त्यांनी वाचला. परत वाचला. मग म्हणाले, इथे खाली सही करून द्या. मी तारखेसह सही केली. शिक्का जवळ नव्हता याचं वाईट वाटलं.

संध्याकाळी रिकाम्या हाताने परतलो तर गेटवरच्या गार्डने मला अडवलं. मी त्याला चौदा वर्षं दिवाळी देतो आहे.

"साहब, डी-४०२ तो खाली हो गया. ॲप में दिखा रहा है."

माझी बायको आत पोळ्या लाटत होती. मुलगी आत बारावीचा अभ्यास करत होती. आणि फॉर्मप्रमाणे मी घर सोडून गेलो होतो. शेवटी उल्काने मला पाहुणा म्हणून आत घेतलं. येण्याचं कारण: 'भेट'.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला परत पाठवलं. गाडीची जागा कुणाला तरी दिली. रविवारी एक दलाल एका जोडप्याला घेऊन थेट आमच्या हॉलमध्ये आला. नवरा भिंतींवर टकटक करत फिरला. बायकोने उल्काला विचारलं, "पानी का प्रेशर कैसा है, भाभी?" उल्का म्हणाली, "सकाळी चांगलं असतं," आणि त्यांना चहा दिला. मी बेडरूममध्ये पेपर वाचत होतो. दलालाने दार उघडून "ये मास्टर बेडरूम" असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं आणि दार लावून घेतलं. माझ्याच घरात माझा उल्लेख फिटिंग्जमध्ये झाला.

हेही मी गिळलं असतं. पण त्याच आठवड्यात मंडळाची कार्यक्रमाची यादी लागली आणि तिच्यात माझ्या नावावर काट होती. मी खंडेरावांना गाठलं.

"स्टेज फक्त रहिवाशांना, साहेब. नियम आहे. तुम्ही तर जागा सोडली."

"मी तुमच्या समोर उभा आहे!"

"तुम्ही आहात हो," ते म्हणाले. "रेकॉर्डला नाही आहात."

बावीस वर्षं मी जे दुसऱ्यांना ऐकवत आलो, ते मला निवृत्त सुभेदाराने ऐकवलं. मी तसाच विजयालक्ष्मी मॅडमकडे धावलो. त्या म्हणाल्या, परत येणं सोपं आहे, फक्त शिफ्टिंगचा आवक फॉर्म भरा. पण आवक सामानाबरोबरच होते, सामान आल्याशिवाय माणूस आत घेता येत नाही. आणि सामान गाज़ियाबादला होतं.

रिंकूजींनी दहा दिवस म्हटलं होतं, लागले सव्वीस. जुन्या घाटाचा ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे अडकवतात तो भाग, सहा स्क्रूंचा, माझ्या गिटारीला भोकं दोन. खुंट्या जुन्या मापाच्या, गिटारीतली घरं मोठी, म्हणून आत पितळी कड्या बसवाव्या लागल्या. मी रोज फोन करत होतो. एकदा त्यांचा पंखेवाला भाऊच वैतागून म्हणाला, "सर, आप पंखा ले लो." गणपतीला आठ दिवस उरले तेव्हा गिटार आली. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होती. ब्रिजवरची वळवलेल्या पोलादाची पट्टी, मलईच्या रंगाची बटणं, जुन्या नाण्यासारख्या झळाळीच्या खुंट्या. मी आधी तिला सोसायटीच्या ऑफिसात नेलं आणि आवक फॉर्म भरला. सामानाच्या यादीत एकच वस्तू होती: गिटार, नग एक. मॅडमनी यादी तपासली, घर पुन्हा भरलेलं दाखवलं, आणि कार्यक्रमात माझं नाव परत आलं.

घरी येऊन मी वायर लावली.

घूंऽऽऽऽ.

गेल्या वर्षीपेक्षा मोठं. खिडकीची काच थरथरली. शेजारच्यांनी कूलर चालू झाला समजून दार लावून घेतलं. मी गिटारकडे पाहिलं, उल्काने माझ्याकडे पाहिलं, आणि मी रिंकूजींना फोन लावला. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर जी, घूँ तो आएगी. पुराने डिज़ाइन में आती ही है. इसी के लिए तो लोगों ने नया डिज़ाइन बनाया. मैंने बोला था ना, शांत वाला है. आपने लिख के दिया, सारे गुण, कोई अपवाद नहीं. आपके साइन हैं."

मी फोन ठेवला. घूं घालवण्यासाठी मी तीन महिने खपलो होतो, घर गमावलं होतं, आणि शेवटी अस्सल घूं मागवून, सही करून, ताब्यात घेतलं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही. उल्का "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मार्ग काढला कादंबरीने, माझ्या मुलीने. ती पाणी प्यायला उठली आणि मला गिटार गळ्यात घेऊन सैरावैरा फिरताना बघत राहिली.

"बाबा, थांब. आत्ता वळलास ना, तेव्हा आवाज कमी झाला. परत वळ. थोडा और. अरे यार, बिल्कुल बंद!"

खरंच बंद झालं होतं. या जुन्या पिकअपचं असं असतं: एका ठरावीक दिशेला तोंड केलं की ते गप्प बसतं. शिवाय तारांवर हात असला तर आणखी गप्प, हात उचलला की पुन्हा घूं. आमच्या घरात ती दिशा नेमकी संडासाच्या दाराची निघाली. पुढचे आठ दिवस मी त्या दाराकडे बघत अभंगाचा सराव केला. घरातल्या माणसांची गैरसोय झाली, पण माझी तयारी झाली.

मांडव सोसायटीच्या गेटसमोरच्या बागेत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी स्टेजवर दिशा शोधून ठेवली. तोंड लोकांकडे, जरा डावीकडे, थेट खंडेरावांच्या टेबलावर. देवाने न्याय केला, असं मला वाटलं. खडूने पायाखाली खूण केली. चार मिनिटं त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवायचं होतं.

संध्याकाळी माझं नाव पुकारलं. मी खुणेवर उभा राहिलो, वायर लावली, आणि घूं आलं. सकाळी मांडवात दिवे नव्हते. आता मखरावर, खांबांवर, झाडांवर मिळून दहा हजार बारके दिवे लुकलुकत होते आणि सगळी दिशा फिरली होती. पहिल्या रांगेत कुणीतरी कानावर हात ठेवला. खंडेरावांचा हात बटणाकडे गेला. मी पाहिलं. तोच हात, तेच बटण, आणि या वेळी तर पहिला सूरसुद्धा लागला नव्हता.

मी उजवीकडे वळलो. घूं. आणखी वळलो. घूं. लोक हसायला लागले. मी वळत राहिलो, आणि एका जागी एकदम सगळं शांत झालं. समोर बाप्पा होता. पाठीमागे दोनशे माणसं.

इंचभर सरकलो तरी घूं येत होतं. मग मी वाजवायला लागलो. बाप्पाच्या डोळ्यांत बघत वाजवलं, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. मी चिडलेलो होतो. खुंट्या जागी बसेपर्यंत मी सव्वीस दिवस फोन केले होते, ब्रिजची भोकं सहा करून घेतली होती, आणि आता ती गिटार कुणालाही दिसणार नव्हती. मी मनात बाप्पाला म्हणत होतो, मी तुझं काय वाकडं केलं होतं? चार मिनिटं लोकांसमोर मागितली होती, जास्त काही नाही. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. कुणी आवाज बंद केला नाही. मागे काय चाललंय ते मला कळत नव्हतं. शेवटचा सूर लांबवला आणि तारांवर हात ठेवून थांबलो.

आता नमस्कार करायला हवा होता. देवासमोर उभा आहे, अभंग संपला आहे, हात जोडायला हवेत. आणि हात उचलला की घूं. मांडवात शांतता होती, आणि मी गिटार धरून खांबासारखा उभा. पाच सेकंद, दहा सेकंद. मी खांद्यावरून मागे पाहिलं. खंडेराव माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान जराशी हलवली आणि बटण अलगद खाली ओढलं.

मी हात जोडले. काही ऐकू आलं नाही. मग टाळ्या ऐकू आल्या.

खाली उतरलो तर विजयालक्ष्मी मॅडम डोळे पुसत होत्या. "क्या भक्ति है! लोगों की तरफ देखा भी नहीं." केतनने फोटो काढला होता: माझी पाठ, बाहेर आलेला शर्ट आणि टक्कल. गिटारचा एक स्क्रूसुद्धा दिसत नव्हता. पुढच्या वर्षीपासून सगळ्यांनीच बाप्पाकडे तोंड करून गावं, असं कमिटीत तिथल्या तिथे ठरलं. उल्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भक्ती कसली, चार मिनिटं भांडत होतास देवाशी. पाठीवरून कळत होतं."

मग खंडेराव प्रसाद घेऊन आले. द्रोण माझ्या हातात देऊन उभे राहिले.

"साहेब, गेल्या वर्षी चुकलं माझं. असाच शेवटपर्यंत थांबलो असतो तर चाललं असतं."

माझ्याकडे अकरा उत्तरं तयार होती. एकही या वाक्याला लागू पडत नव्हतं. मी "ठीक आहे" म्हणालो आणि मोदक खाल्ला. वर्षभर सांभाळलेला राग असा हातातून गेला, त्याचं मला फार वाईट वाटलं. रस्ता ओलांडून गेटपर्यंत आलो तोवर मी अगदी रिकामा झालो होतो.

गेटवर गार्डने हात आडवा केला.

"साहब, डी-४०२ तो फिर से खाली दिखा रहा है."

"का?"

"ॲप में सामान एक ही लिखा है, साहब. गिटार. वो आज बाहर गया, और पास नहीं बना."

उल्का मागे हसत सुटली. कादंबरीने कपाळावर हात मारला. मी गिटार खांद्यावर नीट चढवली, विजयालक्ष्मी मॅडमना फोन लावला, आणि त्यांनी 'हॅलो' म्हणायच्या आत सुरू झालो. फार बरं वाटलं.